गरोदरपणात अफू, स्मॅक किंवा नशेच्या गोळ्यांची सवय असेल तर: उपचार, हक्क आणि योजना (जबलपूर जिल्हा)

तुम्ही गरोदर आहात आणि अफू, डोडाचुरा, स्मॅक, खोकल्याचे औषध, दुखण्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन यांपैकी कशाची तरी रोजची सवय आहे. अशा वेळी पहिली गोष्ट लक्षात ठेवा: हे सर्व आजच्या आज, घरच्या घरी, स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. सरकारी रुग्णालयात यावर उपचार आहे. तो घेतल्याने प्रसूतीच्या कोणत्याही योजनेचा लाभ थांबत नाही. उपचारासाठी स्वतःहून पुढे आलेल्या व्यक्तीला कायद्याचे संरक्षणही आहे.

ही माहिती जबलपूर शहर आणि कुंडम, मझौली, पनागर, पाटण, शहापुरा, सिहोरा या भागांत राहणाऱ्या मराठी भाषक कुटुंबांसाठी आहे. प्रसूतीसाठी माहेरी, म्हणजे नागपूर, गोंदिया, बालाघाटकडे जाणाऱ्यांसाठी खाली वेगळा भाग दिला आहे.

ही माहिती कोणत्या नशेबद्दल आहे?

अफू आणि अफूसारखे परिणाम करणारी सर्व औषधे एकाच गटात मोडतात. अफू, डोडाचुरा, स्मॅक किंवा ब्राऊन शुगर, हेरॉइन हे त्यातले उघड प्रकार आहेत. पण अनेक बायकांची सवय यातून सुरू झालेली नसते. कंबरदुखी, पोटदुखी किंवा आधीच्या सिझेरियननंतर कुणीतरी ट्रामाडॉलची गोळी दिली, बरे वाटले, मग मेडिकल दुकानातून ती चालूच राहिली, असे बऱ्याचदा घडते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, पेंटाझोसिनचे इंजेक्शन, चोरून विकली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शने हीदेखील याच गटातली. डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिली होती म्हणून ती नशा नाही, असे समजू नका. चुकवल्यावर दुसऱ्या दिवशी अंग मोडून येते, जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात कळा आणि जुलाब होतात, झोप लागत नाही, आणि गोळी घेतल्यावर हे सगळे थांबते, तर शरीराला त्याची सवय लागलेली आहे.

ही अडचण तुमच्या एकटीची नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रामार्फत देशभर सर्वेक्षण करवले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या दर शंभर लोकांपैकी सुमारे दोघे या गटातील पदार्थ घेतात. त्यात पुरुष जास्त आहेत. म्हणूनच उपचार केंद्रांत बाई दिसली की लोक वळून पाहतात, आणि बायका तिथे जायचे टाळतात. गरोदर बाईने मात्र टाळणे परवडणारे नाही.

मध्य प्रदेशात नीमच, मंदसौर, रतलाम या भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. त्यामुळे अफू म्हणजे घरगुती औषध, असा समज काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परवाना शेतकऱ्याला सरकारकडे माल जमा करण्यासाठी असतो, घरी खाण्यासाठी नसतो. परवान्यावर डोडाचुरा विकण्याची जुनी पद्धतही आता बंद झाली आहे.

अचानक बंद का करू नये?

घरचे म्हणतील, "पोटात बाळ आहे, आता तरी सोड." त्यांचा हेतू चांगला असतो, पण बाळाच्या शरीरालाही त्या पदार्थाची सवय झालेली असते हे त्यांना ठाऊक नसते. आईची नशा एकदम तुटली की आईला जो त्रास होतो तो पोटातल्या बाळालाही होतो. गर्भाशय आकुंचन पावू लागते. गर्भपात होण्याचा, दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा आणि बाळ गुदमरण्याचा धोका वाढतो.

दुसरे कारण अधिक साधे आहे. इच्छाशक्तीच्या जोरावर बंद केलेली नशा बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत सुरू होते. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते. म्हणून आधीच्याच मापाने घेतलेली मात्रा तेव्हा जीवघेणी ठरू शकते. श्वास मंद होतो, ओठ निळे पडतात, हाक मारून जाग येत नाही. असे झाल्यास ताबडतोब १०८ ला फोन करा आणि काय घेतले होते ते स्पष्ट सांगा. यावर नॅलोक्सोन नावाचे उतारा देणारे इंजेक्शन आहे, पण काय घेतले ते कळल्याशिवाय वेळ वाया जातो.

भिंतींवर आणि मोबाइलवर 'न सांगता नशा सोडवा' अशा चूर्णांच्या जाहिराती असतात. गरोदर बाईच्या जेवणात असे काही मिसळू नका. त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसते.

मग उपचार काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. अफूच्या गटातील पदार्थांवर अवलंबून असलेल्या गरोदर बाईला नशा एकदम तोडायला लावण्याऐवजी नियमित पर्यायी औषध चालू ठेवण्यास प्रोत्साहन द्यावे, असे त्या सांगतात. हे औषध मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन असते. भारतात प्रामुख्याने ब्युप्रेनॉर्फिन वापरले जाते. सरकारी केंद्रांत या उपचाराला 'ओएसटी' म्हणतात.

ही छोटी गोळी जिभेखाली ठेवायची असते, गिळायची नसते. गिळली तर तिचा परिणाम फारच कमी होतो. ती पूर्ण विरघळेपर्यंत पाणी पिऊ नये, बोलू नये. यामुळे अंग मोडून येणे, तलफ आणि जुलाब थांबतात, पण आधीसारखी गुंगी येत नाही. दिवसाचे चक्र बदलते. सकाळी उठून पैसे आणि माल शोधायचा नसतो, त्यामुळे जेवण, झोप आणि तपासणी वेळेवर होऊ लागते. बाळाचे वजन वाढायला याचाच मोठा आधार होतो.

पहिली गोळी घेताना एक काळजी घ्यावी लागते. स्मॅक किंवा गोळी घेतल्यावर लगेच ब्युप्रेनॉर्फिन घेतले, तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी एकदम उसळतो. म्हणून डॉक्टर साधारण ८ ते १२ तास थांबायला सांगतात, आणि त्रासाची सुरुवात दिसल्यावरच पहिली मात्रा देतात. काही औषधांचा परिणाम जास्त काळ टिकतो, त्यांसाठी आणखी थांबावे लागते. शेवटची नशा कधी, कशाची आणि किती केली हे खरे सांगा. येथे लाजेने सांगितलेला खोटा आकडा थेट तुमच्या अंगावर येतो. कुणाकडून तरी मागून आणलेली गोळी स्वतःच सुरू करू नका, याचेही कारण हेच.

"ही तर एक नशा सोडून दुसरी लावली," असे सासूबाई किंवा शेजारची बाई म्हणेल. काही आरोग्य कर्मचारीही म्हणतात. हा आक्षेप चुकीच्या जागी आहे. मधुमेहात रोज इन्सुलिन घेणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही. येथेही मात्रा ठरलेली असते, औषध शुद्ध असते, सुई नसते आणि त्यावर डॉक्टरांचे लक्ष असते.

पोट वाढत जाते तसे शरीरातील रक्त आणि पाणी वाढते, त्यामुळे तीच मात्रा सातव्या-आठव्या महिन्यात कमी पडू शकते. संध्याकाळी पुन्हा घाम येणे, बेचैनी, अंगदुखी सुरू झाली तर लपवू नका. डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दिवसातून दोन-तीन वेळा विभागून देतात. मात्रा वाढली म्हणजे बाळाला त्याच प्रमाणात जास्त त्रास होईल असे नाही. मात्रा आणि बाळाचा त्रास यांचा तसा सरळ संबंध आढळत नाही.

नियमित औषध नको, पूर्ण सोडायचेच आहे, असा तुमचा निश्चय असेल तर तो डॉक्टरांसमोर मांडा. रुग्णालयात भरती करून, देखरेखीखाली, हळूहळू मात्रा कमी करता येते. पण नशा पुन्हा सुरू होण्याची शक्यता मोठी असते, म्हणून बहुतेक डॉक्टर प्रसूती होऊन घडी बसेपर्यंत औषध चालू ठेवा असेच सांगतील. नशा सुटल्यावर दिली जाणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी गरोदरपणात सुरू केली जात नाही. एखाद्या केंद्रात ती देऊ लागले तर आपण गरोदर आहोत हे आधी सांगा.

झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम आणि तत्सम औषधे, किंवा दारूही सोबत चालू असेल तर तेही सांगणे अत्यंत गरजेचे आहे. ब्युप्रेनॉर्फिनसोबत या दोन्ही गोष्टी श्वास थांबवू शकतात, आणि त्याही अचानक बंद करणे धोक्याचे असते.

जबलपूरमध्ये कुठे जायचे?

सर्वात जवळची सुरुवात म्हणजे आशाताई किंवा एएनएम. त्यांना सांगण्याचा संकोच वाटत असेल, कारण त्या ओळखीच्या असतात आणि वस्तीत बोलणे पसरते, तर थेट रुग्णालयात जा. तेथे चिठ्ठी किंवा शिफारस लागत नाही.

प्रसूतीपूर्व तपासणीसाठी शहरातील राणी दुर्गावती चिकित्सालय आहे, ज्याला सगळे एल्गिन म्हणतात. नशेच्या उपचारासाठी नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे 'मेडिकल', येथील मानसिक रोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवा. मेडिकलमध्ये स्त्रीरोग, मानसिक रोग आणि बालरोग हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. तिघांनी मिळून पाहावे लागणाऱ्या अशा प्रकरणात ही मोठी सोय ठरते. म्हणून शक्य असेल तर प्रसूतीची नोंदही तेथेच करा. सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय, म्हणजे विक्टोरिया, येथे गेलात तर एचआयव्ही समुपदेशन केंद्रात जाऊन "ओएसटीबद्दल विचारायचे आहे" एवढेच म्हणा. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठीची सरकारी व्यवस्था या विभागाशी जोडलेली असते आणि समुपदेशक पुढची वाट दाखवतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. नशेची सवय असलेले गरोदरपण जोखमीचे मानले जाते, त्यामुळे अशा बाईची तपासणी नेहमीपेक्षा जास्त वेळा व्हायला हवी. तपासणीत हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीसोबत एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी या चाचण्याही करून घ्या. स्वतः किंवा नवऱ्याने कधीही सुई वापरली असेल तर हे टाळूच नका. एचआयव्हीचे औषध मोफत मिळते आणि वेळेत सुरू केल्यास बाळाला लागण होण्यापासून वाचवता येते. हिपॅटायटिस बी असल्यास बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यावी लागते. हिपॅटायटिस सीचा उपचार राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहे, पण तो सहसा प्रसूतीनंतर सुरू करतात.

खासगी 'नशामुक्ती केंद्र' निवडण्याआधी तीन गोष्टी विचारा: नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, आणि गरोदर बाईला तेथे कोणते औषध देतात. "औषध काही नाही, बंद खोलीत आठ दिवस ठेवतो," असे उत्तर आले तर तेथून परत फिरा. रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार बंदी आहे.

पोलिस आणि बाळ काढून घेण्याची भीती

बहुतेक बायका उपचाराला येत नाहीत त्या या दोन भीतींमुळे. म्हणून कायदा नीट समजून घ्या.

अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे. त्याच्या कलम २७ नुसार नशा करणे हा गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनग्रस्त व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते, म्हणून रुग्णालयाचे कागद, पावत्या, भेटीच्या तारखा जपून ठेवा. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइनसाठी ५ ग्रॅम, अफूसाठी २५ ग्रॅम आणि डोडाचुऱ्यासाठी १ किलोपर्यंत. विक्री किंवा मोठा साठा यांना हे संरक्षण नाही. घरात नवरा किंवा दीर विक्रीत अडकलेला असेल आणि त्यामुळे तुम्हाला धोका वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकिलाचा सल्ला घ्या. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. दूरध्वनी १५१००.

मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकारही येतात. त्यामुळे या रुग्णांना मिळणारे हक्क तुम्हालाही आहेत. तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, कार्ड असो वा नसो, सरकारी संस्थेत हा उपचार मोफत आहे. आणि कलम २१ स्पष्ट सांगते की भरती असलेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे केले जाणार नाही. बाळाला धोका आहे असे डॉक्टरांचे तपासणीअंती मत झाले तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते. डॉक्टरांनी दिलेली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेणे म्हणजे उपचार घेणे. त्याला नशा समजून कुणी "बाळ मिळणार नाही" अशी धमकी दिली तर घाबरून उपचार सोडू नका, हे कलम दाखवा.

योजनांचे पैसे आणि सोयी

खाली दिलेल्या कोणत्याही योजनेत नशेची सवय हे अपात्रतेचे कारण नाही. अर्जात तसा रकानाही नाही. मात्र या सगळ्या योजना लवकर नोंदणी आणि नियमित तपासणीशी बांधलेल्या आहेत. लपण्यापायी तपासणी चुकते आणि त्यापायी पैसे जातात, असे या बाबतीत वारंवार होते.

जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेशात सरकारी रुग्णालयातील प्रसूतीसाठी ग्रामीण भागातील मातेला १,४०० रुपये आणि शहरी मातेला १,००० रुपये मिळतात.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला ३,००० रुपयांचा हप्ता सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर, आणि दुसरा २,००० रुपयांचा बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीचे लसीकरण झाल्यावर. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी मिळतात. अर्ज अंगणवाडीत भरला जातो.

संबलमध्ये नोंद असलेल्या असंघटित कामगार महिलेला मुख्यमंत्री श्रमिक सेवा प्रसूती सहायता योजनेतून एकूण १६,००० रुपयांपर्यंत मदत आहे: ४,००० गरोदरपणातील तपासणीनंतर आणि १२,००० सरकारी रुग्णालयातील प्रसूतीनंतर. इतर योजनांतून मिळालेली रक्कम यात समायोजित केली जाते, त्यामुळे सगळे आकडे एकत्र करून हिशोब मांडू नका.

जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण तुमच्या बाबतीत रोख रकमेपेक्षा याचे मोल जास्त आहे. १ जून २०११ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवस जेवणही मिळते. २०१४ पासून गरोदरपणातील गुंतागुंत आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचारही यात आला. नशेची सवय असलेल्या आईच्या बाळाला चार ते सात दिवस निरीक्षणाखाली ठेवावे लागते, हे पुढे येईलच. "बिल वाढेल" या भीतीने तिसऱ्या दिवशी घरी पळण्याची गरज नाही. सरकारी रुग्णालयात बाळाच्या औषधासाठी पैसे मागितले तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर तक्रार करता येते. आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या भरतीच्या उपचाराचे संरक्षण आहे. कार्ड सोबत ठेवा.

कागदपत्रे नेहमीचीच: आधार, समग्र आयडी, आधार जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते, माता-बाल संरक्षण कार्ड, आणि असल्यास संबल किंवा रेशन कार्ड. खाते स्वतःच्या नावाचे असावे यावर भर द्या. घरात आणखी कुणाला नशा असेल तर दुसऱ्याच्या खात्यात गेलेला पैसा बाळापर्यंत पोहोचेलच असे नाही.

माहेरी प्रसूतीला जाणार असाल

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मराठी घरांत अजून आहे. त्यात दोन अडचणी येतात. पहिली, औषध खंडित होते. ब्युप्रेनॉर्फिन दुकानात सहज मिळत नाही, आणि बऱ्याच केंद्रांत ते समोर बसवून देतात. म्हणून निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी जबलपूरच्या डॉक्टरांना सांगा. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची तारीख लिहिलेले पत्र घ्या, आणि तिकडच्या रुग्णालयाशी त्यांनाच बोलायला सांगा. नागपूरला जाणार असाल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. दुसरी अडचण म्हणजे माहेरच्यांना काहीच माहीत नसते. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण प्रसूतीच्या खोलीबाहेर जी व्यक्ती उभी राहणार आहे तिला, मग ती आई असो, बहीण असो किंवा वहिनी, औषधाचे नाव माहीत असलेच पाहिजे. माता-बाल संरक्षण कार्ड दोन्ही राज्यांत चालते, ते घरी विसरू नका. माहेरी औषधाची सोय होत नसेल तर यावेळी आईलाच जबलपूरला बोलावून घेतलेले बरे.

प्रसूतीच्या दिवशी

कळा सुरू झाल्या तरी त्या दिवसाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चुकवू नका. ती कळांच्या वेदना शमवत नाही, त्यासाठी वेगळे औषध लागते आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. "हिला तर सवयच आहे, हिला कशाला दुखेल," असे कुणी म्हणाले तर ते उलटे आहे. सवय असलेल्या बाईला दुखण्याचे औषध बऱ्याचदा जास्तच लागते.

दाखल होतानाच डॉक्टर आणि नर्सताईंना दोन वाक्ये सांगा. पहिले: "मी ब्युप्रेनॉर्फिन घेते, मला पेंटाझोसिन किंवा ब्युटॉर्फेनॉल देऊ नका." आपल्याकडे कळांमध्ये पेंटाझोसिनचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. तुमच्या शरीरात ते एकदम नशा तुटल्याचा त्रास उभा करू शकते. दुसरे: "बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांना हे कळवा." श्वास मंद असलेल्या बाळाला नॅलोक्सोन दिले जाण्याची शक्यता असते, आणि आईला सवय असेल तर त्याने बाळाला झटके येऊ शकतात. ही दोन वाक्ये कागदावर लिहून माता-बाल संरक्षण कार्डात ठेवा. कळांच्या गडबडीत बोलायला सुचत नाही.

बाळाला काय होते?

जन्मल्यावर बाळाला आईच्या रक्तातून मिळणारे औषध थांबते. त्यामुळे काही बाळांना काही दिवस त्रास होतो. बाळ किरट्या आवाजात सतत रडते, हातपाय थरथरतात, शिंका येतात, घाम येतो, दूध ओढत नाही किंवा अधाशासारखे ओढून उलटी करते, शौचाला पातळ होते. आई स्मॅक घेत असेल तर हे साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत दिसते. ब्युप्रेनॉर्फिन घेत असेल तर सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. म्हणूनच चार ते सात दिवसांचे निरीक्षण लागते. हा त्रास बरा होतो. बाळाला व्यसन लागले, असा त्याचा अर्थ नाही.

२०१० मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात गरोदरपणात मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांची तुलना झाली. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांची बाळे सरासरी १० दिवस रुग्णालयात राहिली, तर मेथाडोन घेणाऱ्या मातांची साडेसतरा दिवस. बाळांना लागलेले औषधही पहिल्या गटात पुष्कळ कमी होते.

उपचाराचा पहिला भाग आईच्याच हातात असतो: बाळाला उघड्या छातीशी धरणे, मऊ कापडात गुंडाळणे, खोलीत उजेड आणि आवाज कमी ठेवणे, थोडे थोडे पण वारंवार दूध पाजणे. पाहायला येणाऱ्यांची गर्दी या दिवसांत नकोच. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर बाळाला मोजून औषध देतात आणि नवजात शिशू विभागात ठेवतात.

रडणाऱ्या बाळाला घरी अफूचा कण चाटवू नका. ही रीत जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया मुले झोपून राहावीत म्हणून त्यांना अफूची 'बाळागोळी' देत, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. अफूच्या कणात किती औषध आहे ते मोजता येत नाही, आणि चार किलोच्या जीवाचा श्वास थांबायला फार थोडे पुरते.

स्तनपान

ब्युप्रेनॉर्फिन नियमित घेणाऱ्या आईने बाळाला अंगावर पाजावे, असाच सल्ला आहे. दुधातून जाणारी मात्रा अत्यल्प असते आणि पाजल्याने बाळाचा त्रास कमी होतो. आई अजून स्मॅक किंवा बाहेरची इंजेक्शने घेत असेल, किंवा तिला एचआयव्ही असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरवा. कोडीन आणि ट्रामाडॉल पाजणाऱ्या आईला चालत नाहीत. प्रसूतीनंतरच्या दुखण्यासाठी दुकानातून गोळी आणण्यापूर्वी नाव तपासा. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपत असेल, दूध ओढायला उठत नसेल किंवा त्याचा श्वास मंद वाटत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने आईसाठी सर्वात नाजूक असतात. झोप नसते, लोकांचे लक्ष बाळाकडे असते, आणि नशा परत सुरू होण्याची शक्यता याच काळात मोठी असते. ओएसटी या वेळी बंद करू नका. गोळ्या मात्र कुलपात ठेवा. मोठ्या माणसाची एक गोळी लहान मुलाचा जीव घेऊ शकते. पुढचे मूल कधी हवे, याबद्दल सुट्टी मिळण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. नशा सुटल्यावर थांबलेली पाळी पुन्हा सुरू होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहतात.

उपयोगी दूरध्वनी

नशामुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन: १४४४६
मानसिक आधारासाठी टेली-मानस, चोवीस तास: १४४१६
रुग्णवाहिका आणि जननी एक्सप्रेस: १०८
एचआयव्हीविषयी माहिती: १०९७
मोफत कायदेशीर मदत: १५१००
योजनेचा लाभ न मिळाल्यास मुख्यमंत्री हेल्पलाइन, मध्य प्रदेश: १८१